सीमेपलीकडचे वर्गबंधू

संगणकावरून दूरच्या माणसाशी समोरासमोर बोलण्याची 'स्काइप' ही सोय मायक्रोसॉफ्ट कंपनीने ५ मे २०२५ रोजी कायमची बंद केली. तोवर बहुतेक लोक दुसऱ्या सोयींकडे वळलेले होते. त्यामुळे या घटनेची फारशी चर्चा झाली नाही. शिक्षणक्षेत्रापुरते बोलायचे तर मात्र तिची नोंद घेणे अगत्याचे आहे. २०११ च्या सुमारास याच सोयीच्या आधारे 'स्काइप इन द क्लासरूम' नावाचा उपक्रम सुरू झाला होता आणि निरनिराळ्या खंडांतील शिक्षकांनी त्याद्वारे आपले वर्ग एकमेकांना जोडून घेतले होते. पलीकडचा वर्ग कोणत्या देशातील आहे हे प्रश्न विचारून ओळखण्याचा खेळ त्या काळात अनेक शाळांतून लोकप्रिय झाला. तो उपक्रम पुढे गुंडाळला गेला आणि २०२५ मध्ये त्याचा आधारच नाहीसा झाला. व्यापारी हिशेबाने सुरू झालेली सोय व्यापारी हिशेबानेच बंद झाली, याबद्दल कंपनीला दोष देण्याचे कारण नाही. परंतु तिच्या भरवशावर जे उभे होते त्याचे पुढे काय झाले, हे पाहणे शिक्षणाचा विचार करणाऱ्यांचे कर्तव्य आहे.

या निमित्ताने एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. दूरदूरच्या वर्गांना जोडणारी गोष्ट नेमकी कोणती? ती यंत्र असेल, तर यंत्र थांबताच नातेही संपणार. ती दुसरी काही असेल, तर आपल्या शाळांतून संगणक, पडदे आणि इंटरनेट यांवर जो खर्च चालला आहे, तो करताना त्या दुसऱ्या गोष्टीचा विचार कितपत झाला आहे? गेल्या चाळीस वर्षांत निरनिराळ्या देशांनी केलेले प्रयोग पाहिले असता या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच स्पष्टपणे मिळते. दोन्हीकडच्या मुलांनी मिळून काही काम केले म्हणजे वर्ग जोडले जातात. आणि शिक्षणव्यवस्थेने त्या कामाला वेळ, पैसा व मान्यता दिली तरच ते टिकते.

छापखान्याचे दिवस

ही कल्पना संगणकाहून कितीतरी जुनी आहे. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम होऊन परतलेले सेलेस्तँ फ्रेने हे १९२० मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेकडील बार-स्युर-लू या डोंगरी गावात शिक्षक झाले. काही वर्षांनी त्यांनी वर्गात हाताने चालवायचे एक छोटे छपाईयंत्र आणून बसवले. मुलांनी आपापले अनुभव लिहावेत, खिळे जुळवून ते छापावेत, आणि छापलेली पाने दुसऱ्या शाळेतील मुलांना पाठवावीत, अशी त्यांची पद्धत होती. १९२६ पासून त्यांच्या वर्गाचा असा नियमित पत्रव्यवहार फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनीमधील त्रेगुंक येथील शाळेशी चालू झाला. डोंगरातील मुले समुद्रकाठच्या मुलांसाठी लिहू लागली आणि समुद्रकाठची मुले डोंगरातल्यांसाठी.

या पत्रव्यवहारातील शैक्षणिक तत्त्व साधे परंतु दूरगामी आहे. मुलाचे लेखन एरवी फक्त शिक्षक वाचतात, आणि तेही त्यातील चुका शोधण्यासाठी. फ्रेने यांनी त्या लेखनाला खरा वाचक मिळवून दिला. आपल्या गावाविषयी ज्याला काहीच ठाऊक नाही, अशा मुलाला ते समजावून सांगायचे म्हटले की शब्द तोलून वापरावा लागतो, क्रम लावावा लागतो आणि रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या गोष्टीकडे नव्याने पाहावे लागते.

पुढे साधने बदलत गेली, तत्त्व मात्र तेच राहिले. १९५३ मध्ये युनेस्कोने १५ देशांतील ३३ माध्यमिक शाळांना घेऊन सहयोगी शाळांचे जाळे उभारले. १९८५ मध्ये 'दे ओरिया आ ओरिया', म्हणजे 'एका तीरावरून दुसऱ्या तीराकडे', या नावाने पोर्तो रिको आणि अमेरिकेतील स्पॅनिशभाषक मुलांचे वर्ग संगणकाच्या टपालाने जोडले गेले. त्यामागे फ्रेने यांचीच प्रेरणा होती. अमेरिकेत वाढलेल्या ज्या मुलांना घरची भाषा ही अडचण वाटत होती, त्यांना त्याच भाषेत लिहिण्याचे सबळ कारण या उपक्रमाने दिले.

१९८८ मध्ये तर शीतयुद्ध संपण्यापूर्वीच न्यूयॉर्क राज्यातील १२ आणि मॉस्कोतील १२ शाळा जोडणारा प्रकल्प सुरू झाला. त्यातून वाढत गेलेल्या संस्थेला १९९४ मध्ये अर्जेंटिनातील पोर्तो माद्रिन येथे रीतसर स्वरूप देण्यात आले. आज 'आयअर्न' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जाळ्यात १४० हून अधिक देशांतील शाळा व युवकसंस्था आहेत. तेथे मांडल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने, आपल्यामुळे पृथ्वीवरील जीवनमान कसे सुधारेल, या प्रश्नाचे उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते. या अपेक्षेचा भव्यपणा क्षणभर बाजूला ठेवला तरी तिच्यातील शहाणपण लक्षात घेण्याजोगे आहे. नुसती ओळख पुरेशी नाही. ओळखीतून काही निष्पन्न झाले पाहिजे, असा त्याचा अर्थ आहे.

कामाचा धागा

करोनाच्या साथीने पडद्यावरील वर्ग घरोघर पोचवला. त्यानंतर 'आंतरराष्ट्रीय संवाद' नावाचा एक कार्यक्रम अनेक शाळांतून होऊ लागला. एका ठरावीक दिवशी पडदा लावला जातो, मुले ठेवणीतले कपडे घालून बसतात, एखादे समूहगीत होते, पलीकडील मुले टाळ्या वाजवतात. मग तुमच्याकडे पाऊस पडतो का, तुमचा आवडता खेळ कोणता, अशी पाच-सात प्रश्नोत्तरे होतात. छायाचित्रे निघतात, बातमी छापून येते आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही वर्ग एकमेकांना विसरून जातात. हा समारंभ निरुपद्रवी आहे. पण त्याला सहयोगी शिक्षण म्हणता येणार नाही. त्यात मुलांना एकमेकांची गरज पडत नाही.

याउलट 'ग्लोब' या विज्ञानप्रकल्पाचे उदाहरण पाहावे. २२ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष अल गोर यांनी त्याची घोषणा केली आणि १९९५ च्या वसुंधरादिनी तो प्रत्यक्षात आला. आज १२० हून अधिक देश त्यात सहभागी आहेत. भारत २००० मध्ये सामील झाला. या प्रकल्पातील शाळा हवेचे तापमान, पाऊस, ढग, माती, पाणी यांच्या नोंदी ठरवून दिलेल्या एकाच पद्धतीने घेतात आणि त्या सर्वांसाठी खुल्या असलेल्या सामाईक संग्रहात जमा करतात. तापमानाची दैनिक नोंद प्रत्येक शाळेने आपल्या गावी सूर्य माथ्यावर येण्याच्या वेळेच्या आगेमागे एका तासाच्या आत घ्यावयाची असते.

या साध्या नियमात फार मोठी सोय दडलेली आहे. मुंबईत सकाळचे अकरा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र उलटून गेलेली असते. दोन्हीकडील मुलांना एकाच वेळी पडद्यासमोर बसवायचे तर कोणाची तरी झोप मोडावी लागते. परंतु दोघांनीही आपापल्या माध्यान्ही तापमापक वाचला, तर एकाच वेळी हजर राहण्याची गरजच उरत नाही. कमी वेगाच्या जोडणीवरही चार आकडे सहज जातात. शिवाय एका शाळेची नोंद एकटी असेपर्यंत तिचे मोल मर्यादित असते; इतर शाळांच्या नोंदींशेजारी ती ठेवली की तिला अर्थ येतो. पलीकडच्या मुलाने आपले काम नीट करावे, अशी इच्छा येथे उपदेशाने निर्माण करावी लागत नाही. ती कामाच्या रचनेतूनच उत्पन्न होते.

दोन दुभंगलेल्या समाजांतील प्रयोग

दूरच्या देशाशी मैत्री करणे एका अर्थाने सोपे असते. कठीण असते ते भांडण असलेल्या शेजाऱ्याशी बोलणे. या बाबतीत आयर्लंडचा अनुभव उद्बोधक आहे. १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने उत्तर आयर्लंडमधील रक्तपाताला बऱ्याच अंशी आळा बसला. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांचा अविश्वास कराराच्या कागदाने जात नाही. १९९९ मध्ये दोन्हीकडील शिक्षणखात्यांच्या पैशाने 'डिझॉल्व्हिंग बाउंडरीज', म्हणजे सीमा विरघळवणारा, असा उपक्रम सुरू झाला. अल्स्टर आणि मेनूथ येथील विद्यापीठांनी तो चालवला. सीमेच्या उत्तरेकडील एक शाळा आणि दक्षिणेकडील एक शाळा अशा जोड्या लावण्यात आल्या. आधी दोन्ही शिक्षकांनी प्रत्यक्ष भेटून वर्षाच्या कामाची आखणी करावयाची, मग मुलांनी संगणकाद्वारे एकत्र अभ्यास करावयाचा, असा क्रम होता. २०१४ पर्यंत सुमारे ५० हजार विद्यार्थी आणि ५७० च्या आसपास शाळा त्यात सहभागी झाल्या.

दुसरा प्रयोग इस्रायलमधील. तेथे धर्मनिरपेक्ष ज्यू, धर्मनिष्ठ ज्यू आणि अरब मुलांच्या शाळा बव्हंशी वेगवेगळ्या आहेत. एकाच देशात राहून ही मुले शाळेत एकमेकांना भेटतच नाहीत. २००५ मध्ये तेल अवीवच्या मोफेत संस्थेत ज्यू आणि अरब शिक्षणतज्ज्ञांनी मिळून 'टेक' नावाचे केंद्र स्थापन केले. निरनिराळ्या प्रवाहांतील शाळांमधील मुलांचे लहान लहान गट करून त्यांना वर्षभर एकत्र काम द्यावे, ही त्यांची पद्धत. तीतील विशेष असा की मुलांची ओळख आधी फक्त लेखनातून होते, मग आवाजातून, नंतर पडद्यावरील चेहऱ्यातून, आणि सर्वांत शेवटी प्रत्यक्ष भेटीतून. पोशाख, उच्चार आणि नाव यांवरून माणसाविषयीचे मत क्षणात बनते. ते बनण्यापूर्वी सहकाऱ्याच्या कामाची ओळख व्हावी, हा त्यामागील हेतू आहे. सर्वांना प्रथमच एकमेकांचे चेहरे दाखवू पाहणाऱ्या पडद्याच्या उत्साहींनी या क्रमाचा अवश्य विचार करावा.

या दोन्ही प्रयोगांमागे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांचे १९५४ मधील प्रतिपादन आहे. दोन गटांचा संबंध आला म्हणजे पूर्वग्रह आपोआप कमी होतात, असे ऑलपोर्ट म्हणत नाहीत. त्यासाठी त्यांनी चार अटी सांगितल्या: दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते गाठण्यासाठी परस्परसहकार्य करावे लागले पाहिजे, आणि या संबंधाला अधिकारपदावरील लोकांचा व प्रस्थापित संस्थांचा पाठिंबा हवा. या अटींशिवाय झालेला संबंध पूर्वग्रह दृढही करू शकतो. शाळा जोडण्याच्या कोणत्याही योजनेचे मोजमाप या चार अटींनी सहज करता येते.

अर्थात या उपक्रमांकडून भलती अपेक्षाही करू नये. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पेटलेले युद्ध कोणत्याही शालेय प्रकल्पाने थांबणारे नव्हते. राज्ये, सेना आणि भूमीचे हक्क यांचे प्रश्न मुलांच्या पत्रांनी सुटत नाहीत. मात्र युद्धानंतर पुन्हा शेजारी म्हणून राहावेच लागते, आणि त्या वेळी पलीकडच्या बाजूचे निदान एक नाव ठाऊक असलेली माणसे समाजात असणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

बरोबरीचा प्रश्न

ऑलपोर्ट यांच्या अटींपैकी पहिलीच अट भारतीय शाळांच्या संदर्भात सर्वांत अवघड आहे. केंद्र सरकारच्या शालेय माहितीसंग्रहानुसार २०२४-२५ मध्ये देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणकाची आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेटची सोय होती. आदल्या वर्षी हेच प्रमाण अनुक्रमे ५७.२ आणि ५३.९ टक्के होते. ही वाढ स्वागतार्ह आहे. तरीही तीनांतील एका शाळेच्या दारात ही सोय अद्याप पोचलेली नव्हती, हेही तेच आकडे सांगतात. आणि जेथे ती आहे तेथे साऱ्या वर्गामागे बहुधा एक पडदा असतो, तर पलीकडच्या श्रीमंत देशातील वर्गात प्रत्येक मुलाच्या हातात स्वतंत्र यंत्र असते.

साधनांची ही विषमता एक वेळ भरून काढता येईल. भूमिकांची विषमता त्याहून घातक असते. एका बाजूचा वर्ग संशोधक आणि दुसऱ्या बाजूचा वर्ग संशोधनाचा विषय, अशी वाटणी नकळत होऊन बसते. तिकडची मुले दारिद्र्य, पाणीटंचाई किंवा मुलींचे शिक्षण यांवर प्रश्न विचारतात आणि इकडची मुले स्वतःच्या आयुष्याचे पुरावे सादर करतात. पलीकडच्या नगरातील बेघरांविषयी किंवा एकाकी वृद्धांविषयी उलट प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्यालाही आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. अशा देवाणघेवाणीतून करुणा उत्पन्न होईल, आदर उत्पन्न होणार नाही.

भाषेचेही असेच आहे. इंग्रजीतून प्रकल्प करावयाचा ठरला की शाळेतील इंग्रजी बरी असलेली चार-दोन मुले पुढे केली जातात आणि उरलेला वर्ग प्रेक्षक होतो. यंत्राने होणारे भाषांतर आता पुष्कळ सुधारले आहे आणि त्याचा उपयोग अवश्य करावा. परंतु आकडे, नकाशे, चित्रे आणि नमुने यांवर आधारलेले काम निवडले तर भाषेचा अडसर मुळातच कमी होतो. या दृष्टीनेही समारंभापेक्षा प्रकल्प श्रेष्ठ ठरतो.

मराठी शाळा या बाबतीत मागेच राहिल्या आहेत असे मानण्याचे मात्र कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा 'ग्लोबल टीचर' पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांना जोडलेल्या क्यूआर संकेतांसाठी, असेच बहुतेकांच्या स्मरणात आहे. पण त्यांच्या कामाचा दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा होता. भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाइन, इराक आणि इराण, अमेरिका आणि उत्तर कोरिया अशा देशांतील तरुणांना जोडणारा सहा आठवड्यांचा कार्यक्रम त्यांनी आखला होता. आठ देशांतील १९ हजार विद्यार्थी त्यात सहभागी झाल्याचे पुरस्काराच्या वेळी जाहीर करण्यात आले. एका लहानशा वाडीतील शाळेतून हे होऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. त्यानंतरच्या घटनाही विसरून चालणार नाही. मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानातून येणारे टपाल स्थगित केले. दोन्ही देशांतील मुलांना पूर्वी निदान पत्र लिहिण्याची वाट होती, तीही त्या वेळी बंद झाली.

शिक्षकाचा वेळ

एवढे असूनही असे प्रयोग आपल्याकडे रुजत का नाहीत? कारण ते बहुधा एका शिक्षकाच्या उत्साहावर उभे असतात. त्याची बदली झाली की प्रकल्पही संपतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला अध्यापनाखेरीज निवडणुकीची कामे, निरनिराळी सर्वेक्षणे आणि दररोज भरावयाची ऑनलाइन माहिती यांना तोंड द्यावे लागते. त्यातून उरलेल्या वेळात त्याने परदेशी शिक्षकाशी पत्रव्यवहार करावा, वेळा जुळवाव्यात, पालकांची संमती घ्यावी आणि अभ्यासक्रमही पुरा करावा, अशी अपेक्षा ठेवली जाते. तो हे करतो तेव्हा त्याचा सत्कार होतो. त्याला तासिका मिळत नाही. ज्या मुख्याध्यापकांना घटक चाचणीच्या निकालाची चिंता आहे, त्यांनी अशा उपक्रमाकडे जादा उठाठेव म्हणून पाहिले तर तो दोष त्यांचा म्हणता येणार नाही.

युरोपने हा प्रश्न संस्थात्मक पातळीवर हाताळला. युरोपीय आयोगाने २००५ मध्ये 'ई-ट्विनिंग' ही योजना सुरू केली. सहभागी देशांत तिच्यासाठी साहाय्य करणारी यंत्रणा आहे, शिक्षकांचे प्रशिक्षण आहे, मुलांच्या कामासाठी बाहेरच्यांना प्रवेश नसलेली सुरक्षित जागा आहे आणि उत्तम प्रकल्पांना अधिकृत गुणवत्ताचिन्ह मिळते. शाळांना त्यासाठी काहीच मोजावे लागत नाही. दहा लाखांहून अधिक शिक्षकांनी तेथे नोंदणी केली आहे. २०११ चा कंपनीचा उपक्रम लयास गेला. २००५ ची सार्वजनिक योजना मधल्या काळात रूप बदलून चालू राहिली. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की धोरणाचा धडा निराळा सांगावा लागत नाही. तथापि सार्वजनिक पैसाही शाश्वत नसतो. आयर्लंडचा उपक्रम १५ वर्षांनी निधीअभावीच थांबला. सार्वजनिक योजना टिकवण्यासाठी तिच्या बाजूने बोलणारे पालक आणि शिक्षक लागतात.

एक आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो रास्त आहे. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नाही. ज्यांना वाचताच येत नाही त्यांना जगाशी जोडण्याची ही हौस कशासाठी? परंतु आक्षेपाच्या मुळाशी एक गृहीत आहे: आधी वाचन, मग त्याचा उपयोग. फ्रेने यांच्या वर्गाने शंभर वर्षांपूर्वीच हे गृहीत उलटे करून दाखवले. आपल्या नावाने आलेले पत्र वाचण्यासाठी मूल जितकी धडपड करते तितकी ते धड्याखालच्या स्वाध्यायासाठी करीत नाही. वाचन कच्चे आहे म्हणून असा पत्रव्यवहार पुढे ढकलणे म्हणजे भूक वाढावी म्हणून अन्न दूर ठेवण्यासारखे आहे.

प्रारंभ कोठून करावा

जगाशी नाते जोडण्यासाठी पहिले पाऊल अटलांटिकपलीकडेच टाकले पाहिजे, असा नियम नाही. साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली ती भारतातील भाषा आणि प्रांत परस्परांना अनोळखी राहू नयेत म्हणून. गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांच्या कल्पनेला लागणारे साधन आज शाळेच्या कपाटात पडून आहे.

एक उदाहरण अगदी जवळचे आहे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून वाहत कर्नाटकात शिरते आणि पुढे अलमट्टीच्या धरणाला मिळते. ऑगस्ट २०१९ च्या महापुराने सांगली-कोल्हापूरप्रमाणेच बेळगाव जिल्ह्यालाही तडाखा दिला. जुलै २०२१ मध्ये नदीकाठाने पुन्हा पूर पाहिला. प्रत्येक पुरानंतर कोयनेतून किती पाणी सोडले आणि अलमट्टीत किती अडवले, यावर दोन्ही राज्यांत वाद झडतो. त्यातच १९५६ पासूनचा सीमाप्रश्न आहे. बेळगाव भागात मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, तशा जत आणि अक्कलकोटच्या बाजूला कन्नड माध्यमाच्या आहेत. म्हणजे भाषांतर करू शकणारी मुले सीमेच्या दोन्ही अंगांना आधीच उपस्थित आहेत.

महाबळेश्वरपासून अलमट्टीपर्यंतच्या नदीकाठच्या वीस-पंचवीस शाळांनी जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज एकाच वेळी आणि एकाच पद्धतीने पाऊस मोजला, घाटाच्या पायरीवरील पाण्याची खूण टिपली आणि आकडे परस्परांना कळवले, तर त्यासाठी लागणार आहे एक पर्जन्यमापक, एक रंगवलेली पट्टी आणि एक साधा फोन. वरच्या गावात पाऊस झाल्यावर खालच्या गावात पाणी किती तासांनी चढते, हे मुलांना स्वतःच्या नोंदींतून समजेल. सांगलीच्या मुलीला अथणीच्या मुलाचा आकडा आल्यावाचून आपला आलेख पुरा करता येणार नाही. दोन्ही सरकारांच्या दाव्यांची छाननी सातवीच्या मुलांनी करावी असा याचा अर्थ नाही. पण एका नदीवर दोन गावे राहतात हे सत्य त्यांना घोषणेवाचून कळेल. ऑलपोर्ट यांच्या पहिल्या तीन अटी येथे पुऱ्या होतात. चौथी, म्हणजे अधिकाऱ्यांचा पाठिंबा, ही तेवढी मिळवावी लागेल.

परदेशाकडे वळायचे तर मॉरिशसचा विचार प्रथम व्हावा. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीसाठी तेथे गेलेल्या कुटुंबांचे वंशज आज प्रामुख्याने क्रिओल बोलतात. पण तेथील शाळांत मराठी हा विषय शिकवला जातो. मॉरिशसचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे, म्हणजे दोन्हीकडील शाळांच्या वेळा बऱ्याच अंशी जुळतात. रत्नागिरीच्या मुलाला मराठी येते आणि पोर्ट लुईच्या मुलीला फ्रेंच व इंग्रजी. प्रत्येकाजवळ दुसऱ्याला देण्याजोगे काही आहे. प्रकल्पापूर्वी अशी बरोबरी शोधून ठेवली तर निम्मे काम झाले असे समजावे.

यासाठी शासनाकडे मागावयाच्या गोष्टी मोजक्या आहेत. सहभागी वर्गाच्या वेळापत्रकात आठवड्यातून एक तास अधिकृतपणे राखून ठेवावा. जोडीतील शिक्षकांची वर्षारंभी एकदा तरी भेट घडवावी. ती प्रत्यक्ष होणे शक्य नसेल तर निवांतपणे दूरस्थ व्हावी. शिक्षकाची बदली झाली तरी प्रकल्प शाळेच्या नावाने चालू राहावा. आणि मुलांची नावे, छायाचित्रे व आवाज कंपन्यांच्या हाती जाऊ नयेत, म्हणून व्यवहाराची जागा सार्वजनिक मालकीची असावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची अट घातली आहे. तिची पूर्तता करण्याची जबाबदारी एकट्या वर्गशिक्षकावर ढकलणे योग्य होणार नाही.

यांपैकी एकाही मागणीला मोठे अंदाजपत्रक लागत नाही. शाळांना संगणक पुरवण्याच्या निविदा निघतात, त्यांची उद्घाटने होतात आणि काही वर्षांनी ती यंत्रे कालबाह्य म्हणून मोडीत निघतात. त्या मधल्या वर्षांत त्यांच्यावर मुलांनी कोणाबरोबर आणि कोणते काम केले, हा प्रश्न शाळा-तपासणीच्या नमुन्यात कोठेतरी असला पाहिजे. तो प्रश्न विचारला जाऊ लागला तर पुढच्या पावसाळ्यात कृष्णाकाठच्या निदान दोन शाळा एकमेकींचे पाणी मोजू लागतील. आणि एखादी सोय उद्या बंद पडली, तर आजचा आकडा कळवण्यासाठी ती मुले दुसरी वाट स्वतःच शोधून काढतील.